बेड्यांतला पौल आणि फिलिप्पैची मंडळी : एका कैदेचा प्रकरण अभ्यास

कैसरापुढे, म्हणजे रोमी सम्राटापुढे, खटला प्रलंबित असलेला एक कैदी आपल्या ओळखीच्या एका ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहितो. निकाल सुटकेचा लागेल की देहान्ताचा, हे त्याला ठाऊक नाही. ज्या कामासाठी त्याने आयुष्यभर भूमध्य समुद्राभोवतीची शहरे पायाखाली घातली, ते काम त्याच्या हातून काढून घेतले गेले आहे. बाहेर मोकळे फिरणारे काही प्रचारक त्याच्या कैदेचा फायदा घेऊन त्याला मनस्ताप देत आहेत आणि त्याच्या मदतीला आलेला सहकारी मरणाच्या दारातून नुकताच परत आला आहे. या कैद्याचे नाव प्रेषित पौल, आणि नव्या करारातील फिलिप्पैकरांस पत्र हा या परिस्थितीचा त्याच्याच हातचा दस्तऐवज. त्याच्या चार छोट्या अध्यायांत आनंदाचा उल्लेख डझनाहून अधिक वेळा येतो.

कोणत्याही परिस्थितीत हेतूने आणि श्रद्धेने जगता येते, हे ख्रिस्ती माणूस मान्य करतो. पण ते नेमके कसे घडते, याचा तपशील उपदेशांत क्वचितच मिळतो. तो तपशील या पत्रात आहे, म्हणून एका व्यक्तीची एक ठरावीक परिस्थिती म्हणून येथे त्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

फिलिप्पै हे ग्रीसच्या उत्तरेकडील मासेदोनिया प्रांतातील शहर, पूर्व आणि पश्चिम जोडणाऱ्या एग्नाशियन राजमार्गावर वसलेले. इ. स. पू. ४२ मधील प्रसिद्ध लढाईनंतर तेथे निवृत्त रोमी सैनिकांची वसाहत झाली, त्यामुळे रोमी नागरिकत्वाला या शहरात विशेष मान होता. पौल आणि त्याचा सहकारी सीला येथे प्रथम आले तेव्हा काय घडले ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात आहे. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया विश्वासात आली. एका दासीला तिच्यातील दुरात्म्यापासून मुक्ती मिळाली आणि तिच्या भविष्यकथनावर कमाई करणारे मालक संतापले. त्यानंतर दोघांना छड्यांचा मार खावा लागला, त्यांचे पाय खोड्यात अडकवले गेले आणि मध्यरात्री ते प्रार्थना करीत स्तोत्रे गात होते. भूकंपानंतर आत्महत्येला निघालेल्या तुरुंगाधिकाऱ्याचा त्याच रात्री घराण्यासह बाप्तिस्मा झाला. म्हणजे फिलिप्पैच्या मंडळीचा जन्मच कैदेच्या आसपास झाला होता. पौलाने पुढे बेड्यांतून आनंदाविषयी लिहिले, तेव्हा त्या मंडळीतील काहींना तरी ते ऐकीव वाटले नसावे.

हे पत्र कोठून लिहिले गेले याविषयी अभ्यासकांत रोम, कैसरिया आणि इफिस अशी तीन मते आहेत. प्राचीन परंपरा रोमच्या बाजूची आहे, आणि पत्रात आलेले राजवाड्याच्या रक्षकदलाचे व कैसराच्या घरच्या लोकांचे उल्लेख तिच्याशी सहज जुळतात. येथे तेच मत धरले आहे. त्यानुसार पत्राचा काळ साधारण इ. स. ६० ते ६२ ठरतो, आणि तोपर्यंत पौलाची कैद दीर्घ झालेली दिसते : यरुशलेमेत अटक, कैसरियात दोन वर्षे, मग समुद्रप्रवास, माल्टा बेटाजवळ जहाज फुटणे, आणि शेवटी रोममध्ये स्वतःच्या खर्चाच्या भाड्याच्या जागेत, शिपायाच्या पहाऱ्यात आणखी दोन वर्षे.

त्या काळी कैद ही सहसा शिक्षा नसे. ती निकालापर्यंतची अडवणूक असे. कैद्याच्या अन्नवस्त्राची काळजी सरकार पुरेशी घेईल असा भरवसा नसे, नातलग आणि मित्र यांच्यावरच त्याचा निभाव लागे. फिलिप्पैकरांनी एपफ्रदीत या आपल्या माणसाच्या हाती पाठवलेली मदत या संदर्भात पाहावी लागते. ती शिष्टाचाराची भेट नव्हती, कैद्याच्या जगण्याची सोय होती. शिवाय ती पाठवणारे श्रीमंत नव्हते. मासेदोनियातील मंडळ्या घोर दारिद्र्यात असूनही उदार होत्या, असे पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात नोंदवले आहे.

योजना मोडली, हेतू मोडला नाही

कैदेपूर्वी, साधारण इ. स. ५७ च्या सुमारास, पौलाने रोमकरांस पत्र लिहिले. त्याच्या १५व्या अध्यायात त्याने आपली योजना स्पष्ट मांडली होती : यरुशलेमेला जाऊन गरिबांसाठी गोळा केलेली मदत पोचवायची, तेथून रोमला यायचे आणि रोमच्या मंडळीच्या साहाय्याने स्पेनकडे जायचे. ही योजना चांगली होती, स्वार्थाची नव्हती, आणि ती प्रार्थनेतूनच घडली असणार. यरुशलेमेला तो पोचला, पण तेथे अटक झाली. रोमला तो आला, पण कैदी म्हणून. स्पेनचे नाव फिलिप्पैकरांस पत्रात येतच नाही.

परिस्थिती बिघडते तेव्हा बहुतेक वेळा आपण हेतू गमावलेला नसतो, त्या हेतूसाठी आखलेली योजना गमावलेली असते. मात्र या दोन्हींना आपण इतका काळ एकच समजत आलेलो असतो की योजना कोसळताच आयुष्याचा अर्थही गेला असे वाटते. पौलाने हा भेद पाळला. पहिल्या अध्यायाच्या १२व्या वचनात तो आपल्या बाबतीत जे घडले त्याचा हिशेब देतो, आणि त्यात त्याच्या प्रकृतीची, जागेची, खटल्याच्या तारखेची माहिती नाही. आपल्या बाबतीत घडलेल्या गोष्टींमुळे सुवार्तेला, म्हणजे ख्रिस्ताविषयीच्या संदेशाला, अडथळा न होता उलट तिची वाढच झाली, एवढेच तो कळवतो. पुरावा म्हणून तो दोन गोष्टी सांगतो : आपण ख्रिस्तासाठी बेड्यांत आहोत हे रक्षकदलात सर्वत्र कळले आहे, आणि आपल्या कैदेमुळे इतर बंधूंना निर्भयपणे वचन सांगण्याचे धैर्य आले आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट नजरेतून सुटू नये. पौल कैदेला चांगली म्हणत नाही. बेड्या या बेड्याच राहतात. त्यांना देवाची देणगी म्हणून गोंजारण्याची त्याला गरज वाटत नाही. त्याचा प्रश्न एवढाच आहे की या जागी, या माणसांमध्ये, ख्रिस्ताविषयी काय घडू शकते. पहाऱ्यावरचे शिपाई पाळीपाळीने बदलत असणार. ज्यांच्यापर्यंत तो मोकळा असताना कधीच पोचला नसता अशी माणसे रोज त्याच्याजवळ येऊन बसत होती. पत्राच्या शेवटी तो कैसराच्या घरच्या पवित्र जनांचा, म्हणजे विश्वासी लोकांचा, सलाम पाठवतो. स्पेनच्या वाटेवर त्याला हे लोक भेटले नसते.

मत्सराने केलेल्या प्रचाराची परीक्षा

बाहेरचे हाल सोसणारा माणूससुद्धा आपल्याच लोकांनी केलेल्या खोडसाळपणाने खचतो. पौलाच्या कैदेत तेही होते. काही जण मत्सराने आणि वैरभावाने ख्रिस्ताचा प्रचार करीत होते, आणि त्यामुळे बेड्यांतल्या पौलाच्या दुःखात भर पडेल असा त्यांचा अंदाज होता. त्यांची नावे तो देत नाही. त्यांच्या हेतूंबद्दल तो भोळाही नाही; ते कोणत्या वृत्तीने बोलतात हे तो स्पष्ट लिहितो. तरीही त्याचा निष्कर्ष असा की निमित्ताने असो वा सत्याने, ख्रिस्ताचा प्रचार होतो आहे, यात मला आनंद आहे.

पौलाच्या हेतूची खरी कसोटी मला येथे दिसते, मृत्यूच्या भीतीपुढेही तेवढी नाही. जे काम आपण करावे असे आपल्याला वाटते, ते दुसऱ्याने, तेही आपल्याला खाली पाडण्यासाठी, यशस्वीपणे केले तर आपल्याला आनंद होईल का? आपला हेतू ‘मी हे काम करणारा’ असा असेल तर होणार नाही. हेतू ख्रिस्त असेल तर होऊ शकतो. अनेक वर्षे शिकवणाऱ्याला, मंडळीची सेवा करणाऱ्याला, घर चालवणाऱ्याला वयाने किंवा आजाराने बाजूला बसावे लागते आणि त्याची जागा दुसरा घेतो, तेव्हा हाच प्रश्न वेगळ्या रूपात त्याच्यापुढे उभा राहतो.

अर्थात याला मर्यादा आहे. गलतीकरांस लिहिताना पौल खोट्या सुवार्तेला शापित म्हणतो, आणि याच फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात चुकीच्या शिक्षकांविरुद्ध त्याची भाषा अत्यंत कडक आहे. म्हणजे त्याची सहनशीलता शिकवणुकीविषयीच्या बेफिकिरीतून आलेली नव्हती. स्वतःचा अपमान आणि सुवार्तेचा विपर्यास या दोन गोष्टी तो वेगळ्या तोलतो. पहिली तो सोडून देतो, दुसरी सोडत नाही.

जगणे आणि मरणे यांच्यातील निवड

पहिल्या अध्यायाच्या २१ ते २६ या वचनांत पौल आपल्या दोन शक्यता समोर ठेवतो. आपल्यासाठी जगणे म्हणजे ख्रिस्त आहे आणि मरणे हा लाभ आहे, या त्याच्या वाक्याकडे बहुधा मृत्यूविषयीचे वाक्य म्हणून पाहिले जाते. परंतु पुढची वचने वाचली तर तो चर्चा जगण्याची करतो आहे. येथून निघून ख्रिस्ताजवळ असणे आपल्याला अधिक बरे, हे तो मान्य करतो, आणि मग तुमच्यासाठी देहात राहणे अधिक गरजेचे आहे असे म्हणून त्या बाजूला झुकतो.

निराश माणूसही कधीकधी मरण बरे म्हणतो, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा. निराशेला जगण्यात काही उरलेले दिसत नाही. पौलाला मरणात लाभ दिसतो, पण जगण्यातही फळ दिसते, आणि त्यातून निवड करताना तो स्वतःच्या सुखाचा निकष वापरत नाही. दुसऱ्यांची विश्वासातील वाढ आणि आनंद हा निकष वापरतो. मरणाचे विचार मनात घोळत असलेल्या माणसाला हे वचन सांत्वन म्हणून ऐकवण्याआधी हा फरक ओळखायला हवा. त्याला आधी सोबत आणि उपचार लागतात, आणि ते मिळवून देणे हेही मंडळीचेच काम आहे.

शिकलेले समाधान

चौथ्या अध्यायातील ११ ते १३ ही वचने या प्रकरणाचा गाभा आहेत, आणि माझ्या मते सर्वाधिक चुकीची वापरली जाणारीही. ज्या कोणत्या अवस्थेत असू त्या अवस्थेत संतुष्ट राहण्यास आपण शिकलो आहोत, असे पौल म्हणतो. विपन्नता आणि संपन्नता, तृप्ती आणि भूक, विपुलता आणि गरज, सगळ्यांचे रहस्य आपल्याला कळले आहे असे तो म्हणतो, आणि त्यानंतर सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे आपण सर्व काही करू शकतो हे प्रसिद्ध वाक्य येते. परीक्षा, स्पर्धा, व्यवसाय यांतील यशाचे आश्वासन म्हणून ते सर्रास वापरले जाते. संदर्भात त्याचा अर्थ बरोबर उलट्या दिशेचा आहे : यश मिळाले नाही, पोट भरले नाही, दार उघडले नाही, तरी ख्रिस्ताच्या सामर्थ्याने मी टिकू शकतो.

‘शिकलो’ या क्रियेमागे बराच काळ आहे. दिमिष्काच्या वाटेवर तो ख्रिस्ताकडे वळला त्या अनुभवापासून या पत्रापर्यंत पाव शतकाहून अधिक काळ गेला होता. त्याच काळात एकदा आशिया प्रांतात आपल्यावर शक्तीपलीकडचे ओझे पडले आणि आपण जगण्याचीही आशा सोडली होती, अशी कबुली त्याने करिंथकरांना दिली आहे. समाधान हे विश्वास ठेवताक्षणी मिळणारे सामान नाही. तो आयुष्यभराचा अभ्यास आहे, आणि त्यात मोडून पडण्याचे दिवसही येतात. आज समाधानी नसलेल्या विश्वासी माणसाला या एका तपशिलात मोठा दिलासा आहे.

त्या काळच्या रोममध्ये संतुष्ट राहण्याची शिकवण नवीन नव्हती. स्टोइक तत्त्वज्ञ हेच सांगत, आणि त्यांतील सर्वांत नामवंत असलेला सेनेका त्याच सुमारास सम्राट नीरोच्या दरबारात होता. बाहेरच्या गोष्टींवर अवलंबून न राहता शहाण्या माणसाने स्वतःत पुरेसे असावे, असा त्यांचा आदर्श. पौलाची वाक्ये वरवर तशीच वाटतात. पण ती वाक्ये आली आहेत कोठे, हे पाहावे : मदत मिळाल्याची पोच आणि आभार यांच्या मध्यभागी. संतुष्ट आहे असे सांगून तो लगेच, तरी माझ्या संकटात तुम्ही भागी झालात हे चांगले केले, असे लिहितो. तो स्वतःत पुरेसा नाही; त्याला ख्रिस्त पुरेसा आहे, आणि ख्रिस्ताचे पुरेसे असणे बऱ्याचदा एपफ्रदीतासारख्या माणसाच्या हातून त्याच्यापर्यंत येते. तुमच्या प्रार्थना आणि येशू ख्रिस्ताच्या आत्म्याचे साहाय्य, ही दोन नावे तो पहिल्या अध्यायात एकाच श्वासात घेतो.

कठीण परिस्थितीत श्रद्धेने उभा राहणारा माणूस म्हणजे कोणाकडून काही न मागणारा, एकटा, ताठ कण्याचा माणूस, असे चित्र आपण मनात बाळगतो. म्हणून हा भाग इतका महत्त्वाचा वाटतो. हे चित्र ख्रिस्ती नाही. पौलासारख्या प्रेषितालाही अन्न, निरोप आणि सोबत लागली, आणि ती लागते हे लिहिताना त्याला श्रद्धेत कमीपणा आला असे वाटले नाही.

एपफ्रदीताचा आजार

दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी सहा वचनांत एपफ्रदीताची हकिकत आहे. मदत घेऊन आलेला हा माणूस आजारी पडला, मरणोन्मुख झाला; ही बातमी फिलिप्पैला पोचली आणि ती पोचल्याचे कळून त्यालाच वाईट वाटले. फिलिप्पै ते रोम हा हजार किलोमीटरहून लांबचा जमीन-पाण्याचा प्रवास, तेव्हा निरोप जाण्यायेण्यास किती आठवडे लागले असतील याची कल्पना करावी. देवाने त्याच्यावर दया केली, आणि केवळ त्याच्यावर नव्हे, माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून, असे पौल लिहितो.

ज्याने मरण हा लाभ म्हटला त्यानेच मित्राच्या मरणाची शक्यता दुःखावर दुःख म्हटली. यात विसंगती नाही. आनंद आणि शोक एकाच मनात राहू शकतात, आणि श्रद्धेने शोक नाहीसा होतो असे पौल कोठेही शिकवत नाही. तसेच एपफ्रदीताचे दुखणे हा छळ नव्हता, कोणी त्याला मारले नव्हते. तो साधा आजार होता. त्यामुळे या प्रकरणावर घेतल्या जाणाऱ्या एका रास्त आक्षेपाला येथेच उत्तर मिळते. पौल ख्रिस्तासाठी कैदेत होता, मग कर्करोगाशी, बेकारीशी किंवा अंथरुणाला खिळलेल्या आईच्या शुश्रूषेशी झुंजणाऱ्याला त्याचे उदाहरण कसे लागू पडेल? लागू पडते, कारण पौल स्वतःच भूक आणि गरज यांसारख्या सामान्य हालअपेष्टांची यादी देतो, आणि एका आजारी सहकाऱ्याला ‘बंधू, सहकारी व सहसैनिक’ म्हणून मंडळीने मान द्यावा असे सांगतो. आजारी पडून काम अपुरे राहिलेल्या माणसाला अपयशी ठरवून परत पाठवले जाऊ नये, याची ती काळजी आहे.

समाधान म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे

या पत्राचा एक धोकादायक वापर होतो. अन्याय सोसणाऱ्याला, घरात मार खाणाऱ्या स्त्रीला, वेतन बुडवलेल्या कामगाराला ‘आहे त्यात संतुष्ट राहा’ असे सांगून गप्प केले जाते, आणि वर पौलाचे नाव घेतले जाते. पौलाचे आचरण याच्या विरुद्ध आहे. फिलिप्पैमध्येच, दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जाण्यास सांगितले तेव्हा, आम्ही रोमी नागरिक असून चौकशीविना आम्हांला जाहीरपणे मारले, आता त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने ठणकावले. आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. पुढे यरुशलेमेला परत पाठवण्याचा घाट दिसताच त्याने कैसराकडे दाद मागितली. या पत्रातही त्याला सुटकेची आशा आहे. मी लवकरच येईन असा प्रभूमध्ये भरवसा असल्याचे तो लिहितो.

म्हणजे त्याने उपलब्ध असलेले प्रत्येक न्याय्य दार ठोठावले. दार उघडेपर्यंत, किंवा न उघडल्यासही, आपले आयुष्य थांबलेले आहे असे मात्र त्याने मानले नाही. परिस्थिती बदलण्याचा प्रयत्न आणि परिस्थितीत हेतूने जगणे या दोन गोष्टी त्याच्या जीवनात एकमेकींच्या आड येत नाहीत.

विपुलतेचे काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. पौलाला भरल्या पोटीही संतुष्ट राहणे शिकावे लागले. सुस्थितीत हेतू विसरला जातो आणि त्याची बोचही लागत नाही. त्या अर्थाने ती परिस्थितीही कठीणच.

पुढे काय झाले

पौलाच्या खटल्याचा निकाल नव्या करारात दिलेला नाही. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक तो भाड्याच्या घरात निर्भयपणे शिकवत असताना संपते. नीरोच्या काळात रोममध्ये त्याला हौतात्म्य आले, अशी मंडळीची प्राचीन परंपरा आहे. युवदीया आणि सुंतुखे या फिलिप्पैच्या मंडळीतील दोन स्त्रियांना त्याने याच पत्रात एकचित्त होण्याची विनंती केली होती. त्यांचा समेट झाला की नाही, हेही कोठे नोंदलेले नाही.

फिलिप्पैच्या मंडळीविषयी मात्र एक पुरावा उरला आहे. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प याने त्याच मंडळीला पत्र लिहिले. पौलाने तुम्हांला लिहिले होते, त्याचा अभ्यास केलात तर विश्वासात तुमची उभारणी होईल, याची त्याने त्यांना आठवण करून दिली. त्याच पत्राच्या आरंभी त्याने त्यांचे अभिनंदन केले आहे. बेड्या घातलेले काही ख्रिस्ती कैदी त्यांच्या शहरातून नेले जात होते, तेव्हा फिलिप्पैकरांनी त्यांचे स्वागत करून त्यांना पुढच्या वाटेपर्यंत सोबत केली होती. आणि अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस, जो साखळदंडांत रोमकडे नेला गेला, त्याची पत्रे आपल्याला मिळावीत अशी मागणी त्यांनी पॉलिकार्पकडे केली होती.